हौज खासच्या हरणांचा घास

दिल्लीच्या हिवाळ्यात सूर्य उगवला किंवा नाही हे पुष्कळदा घड्याळावरूनच ठरवावे लागते. माघातील अशाच एका धुकट सकाळी माझी आई, माझी सात वर्षांची मुलगी आणि मी असे तिघेजण ग्रीन पार्कच्या मेट्रो स्थानकावर उतरून हौज खासच्या मृगोद्यानाकडे चालू लागलो. आई साताऱ्याहून महिनाभरासाठी आमच्याकडे राहावयास आली होती. लाल किल्ला, कुतुबमिनार आणि राजघाट ही दिल्लीची त्रिस्थळी यात्रा तिने पहिल्या आठवड्यातच उरकली होती. आज हरणे पाहावयाची आहेत असे कळताच तिने भल्या पहाटे उठून जोंधळ्याच्या चार भाकऱ्या थापल्या, फडक्यात बांधल्या आणि पिशवीत घातल्या. मुक्या जिवाच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये हा तिचा नियम. गावी ती रोज गाईसाठी घास काढून ठेवते; हरीण म्हणजे तिच्या लेखी रानातली गायच.

हौज खास म्हणजे खास तळे. अल्लाउद्दीन खिलजीने इसवी सन १३०० च्या सुमारास ते खोदविले. पुढे ते गाळाने भरले, तेव्हा फिरोजशहा तुघलकाने ते साफ करविले, १३५२ मध्ये त्याच्या काठावर मदरसा उभारला आणि अखेर स्वतःही तेथेच चिरविश्रांती घेतली. हा सुलतान शिकारीचा मोठा शोकी. दिल्लीच्या डोंगरकण्यावर त्याने बांधलेल्या शिकारखान्यांचे अवशेष आजही उभे आहेत. त्याच्या थडग्यापासून हाकेच्या अंतरावर आज चितळांचा कळप निर्धास्त रवंथ करीत बसतो, हे पाहून इतिहासालाही विनोदाचे अंग असते असे वाटू लागते.

मृगोद्यान दिल्ली विकास प्राधिकरणाचे आहे. दिल्लीचे पहिले नायब राज्यपाल आदित्यनाथ झा यांचे नाव त्यास दिलेले आहे. दाट झाडी, मधून मधून लोदी काळातील घुमट, मोर, आणि जाळीच्या कुंपणापलीकडे तांबूस अंगावर पांढरे ठिपके ल्यालेली चितळे. १९६० नंतरच्या दशकात येथे अवघी सहा हरणे आणली गेली होती. साठ वर्षांत त्यांची संख्या सहाशेच्या घरात गेली. या वाढीची कथा पुढे येईलच.

आईने कुंपणाशी जाऊन फडके सोडले. भाकरीचा वास गेला असावा. दोन माद्या कान टवकारून पुढे सरकल्या. तिने तुकडा मोडला तोच मागून आवाज आला, "माताजी, भाकरी नका घालू. तिच्या पोटाला ती ओळखत नाही."

बोलणारे गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे होते. गळ्यात लोकरी मफलर, हातात काठी. ते तेथील नोकर नव्हते. रोज सकाळी फिरावयास येणाऱ्यांपैकीच एक. परंतु त्यांचे सारे आयुष्य हरणांच्या चाऱ्यापाण्यात गेले होते. दिल्लीबाहेरच्या एका राखीव जंगलात त्यांनी तीस वर्षे चाकरी केली. जागेचे नाव त्यांनी सांगितले. येथे त्याची गरज नाही. आईला राग आला होता, परंतु माताजी म्हणून हाक मारणाऱ्यावर रागावणे तिला जमत नाही. "का हो भैया, घासभर भाकरीने काय होते?" तिने विचारले. त्यावर चाचाजींनी जे सांगितले ते ऐकण्यात आमचे दोन तास गेले.

ऐकण्यापूर्वी माझी स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे. मी व्यवसायाने अनुवादक. हिंदी शब्द ऐकला की त्याच्या शेजारी मराठी शब्द मांडावयाचा, ही सवय हाडीमाशी खिळलेली. चाचाजी म्हणाले, "भूसा खाऊन हरीण मरते आणि चोकर खाऊन जगते." मी मनात लिहिले, भुसा म्हणजे भुसा. मग चोकर काय? आमच्याकडे गुरांच्या खाद्याच्या दुकानात गव्हाचा भुसा मागितला तर दुकानदार गव्हाचा कोंडा देतो. दिल्लीत भूसा मागितला तर गव्हाच्या काडाचे बारीक कुटार मिळते, आणि कोंड्याला म्हणतात चोकर. कोंड्यात शंभर भागांत सुमारे १५ भाग प्रथिने असतात, काडात फार तर ३. एका शब्दाच्या सारखेपणावर विसंबलो असतो तर मी या लेखात हरणांना उपाशी मारले असते. सरकी किंवा शेंगदाण्याची पेंड तिकडे खल होते आणि लसूणघासाच्या जोडीला बरसीम येते. एवढी उजळणी झाल्यावर संभाषण सुरळीत चालू झाले.

हरीण हे गाईसारखेच रवंथ करणारे जनावर. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जंतू राहतात आणि गवत पचविण्याचे खरे काम तेच करतात. हरीण या जंतूंना पोसते, जंतू हरणाला पोसतात. या जंतूंनाही प्रथिने लागतात. पावसाळ्यातील कोवळ्या गवतात ती भरपूर असतात. वैशाख-ज्येष्ठात गवत वाळले की ३-४ टक्क्यांवर येतात. चाऱ्यातील प्रथिने सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेली की जंतू मंदावतात, खाल्लेले गवत पोटात तसेच पडून राहते, आणि भरल्या पोटी जनावर खंगू लागते. याच सुमारास मादी पिलाला पाजत असेल किंवा नराच्या डोक्यावर नवी, मखमलीत गुंडाळलेली शिंगे वाढत असतील, तर ओढ अधिकच. चितळ नराची शिंगे दरवर्षी गळून पडतात व पुन्हा उगवतात. इतक्या झपाट्याने वाढणारे हाड प्राणिसृष्टीत क्वचितच असेल.

"आमच्याकडे एका ज्येष्ठात पाणवठ्याजवळ एक मादी मेलेली सापडली," चाचाजी सांगत होते. "डॉक्टरांनी पोट उघडले तर गवताने गच्च भरलेले. मी नवा होतो. मला वाटले, भूक नाही तर मग काय झाले? डॉक्टर म्हणाले, हे भुकेनेच मेले आहे."

त्यानंतर वरून हुकूम आला की रानातल्या हरणांना पेंड घाला. पोती आली, सिमेंटच्या गव्हाणी बांधल्या, पेंड ओतली आणि सर्वजण वाट पाहू लागले. बारा दिवस एकाही हरणाने तोंड लावले नाही. रानडुकरे येऊन खाऊन गेली, मोरांनी दाणे वेचले, नीलगाईंनी हुंगून पाहिले. हरणे मात्र शंभर पावलांवरून वळसा घालून पाण्याला जात. रानातील जनावर नवा पदार्थ सहसा एकदम खात नाही. संशय हेच त्याचे चिलखत. गव्हाणीला सिमेंटचा वास, पोत्याला गोदामाचा, आणि पेंडीला माणसाच्या हाताचा.

तेराव्या दिवशी चाचाजींनी साहेबांकडे दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. पुढचा भाग मी शक्यतो त्यांच्याच क्रमाने देतो, कारण हरणाला रानात पूरक आहाराची सवय कशी लावतात हे इतक्या नेमकेपणाने मी इतरत्र ऐकलेले नाही.

प्रथम त्यांनी गव्हाणी सोडल्या. हरणांची स्वतःची पायवाट पाण्याकडे जेथून उतरत होती तेथे, चारी बाजू दिसतील आणि पळावयास मोकळीक राहील अशी जागा निवडली. तेथे पेंडीचा कणही न ठेवता विलायती कीकराच्या पिकल्या शेंगा पसरल्या. हे झाड म्हणजे आपल्याकडील वेडी बाभूळ. इंग्रजांच्या काळात दिल्लीच्या डोंगरकण्यावर ते लावले गेले आणि त्याने देशी झाडांना पुरते हुसकावले; परंतु त्याच्या शेंगा गोड असतात, त्यांत प्रथिनेही बरी असतात आणि हरणांना त्या आधीपासून ठाऊक असतात. शेंगांबरोबर थोडे हिरवे कडवळ. ते फुलोऱ्यावर आलेले आणि भरपूर पाणी प्यालेले असले पाहिजे. पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी विषारी होते. येथे आईने मान डोलावली. तिच्या माहेरी त्यापायी एक बैल गेला होता.

आठ दिवस एवढेच. रोज सूर्यास्तापूर्वी एकाच वेळी, तोच माणूस, तेच कपडे. वारा हरणांकडून आपल्याकडे येत असेल अशा बाजूने जावयाचे, तेलाचा रिकामा डबा तीनदा वाजवावयाचा, चारा टाकावयाचा आणि मागे न पाहता निघून यावयाचे. "लपून बसून पाहण्याचा मोह फार होतो, बाबूजी," ते म्हणाले, "पण हरणाला लपलेला माणूस म्हणजे वाघ. सकाळी जाऊन खुरांच्या खुणा वाचा, त्या पुरे होतात."

नवव्या दिवशी शेंगांवर मूठभर कोंडा, गुळाच्या व मिठाच्या पाण्याने किंचित ओलावलेला. रानात मीठ दुर्मीळ. त्याची ओढ हरणाला गोडापेक्षा अधिक. मग दर चार दिवसांनी कोंडा थोडा वाढवावयाचा, शेंगा थोड्या कमी करावयाच्या. पंधरवड्यानंतर हरभऱ्याची चुनी. पेंड सर्वांत शेवटी, तीही आधी चिमूटभर. पाचव्या आठवड्यात मिश्रण घट्ट झाले आणि साऱ्या काळात त्यांनी एका जनावरामागे अर्ध्या किलोच्या वर कधी जाऊ दिले नाही. एकच मोठी गव्हाण न ठेवता वीस वीस पावलांवर लहान लहान ढीग घालीत, आणि नरांपेक्षा ढिगांची संख्या अधिक ठेवीत. नाहीतर दोन शिंगाळे नर सारे अडवून बसतात, आणि जिच्यासाठी हा खटाटोप ती दुभती मादी लांबून पाहत राहते. सकाळी उरलेले सारे झाडून उचलावयाचे. शेंगदाण्याच्या पेंडीला दमटपणाने जी बुरशी धरते तिचे विष यकृतास मारक असते.

"पहिले कोण आले?" माझ्या मुलीने विचारले.

"एक मादी, बेटा. कान फाटलेली. तिच्यामागे पिलू होते. तिने खाल्ले, पिलाने तिच्या तोंडाचा वास घेतला आणि मग त्यानेही खाल्ले. त्या पिलाला पुढे मला काही शिकवावे लागले नाही."

ही दिरंगाई केवळ भित्र्या स्वभावासाठी नव्हती. पोटातील जंतूंची वस्ती खाल्लेल्या चाऱ्याप्रमाणे बदलते आणि त्या बदलास दोन-तीन आठवडे लागतात. गवतावर वाढलेल्या हरणाने एकाएकी पोटभर धान्य किंवा पाव खाल्ला तर तो झपाट्याने आंबतो, पोटात आम्ल साचते आणि धडधाकट जनावर एक-दोन दिवसांत आडवे होऊ शकते. भाकरीच्या एका तुकड्याने असे होत नाही. परंतु रविवारी कुंपणाशी पाचशे माणसे येतात आणि प्रत्येकाच्या मते त्याचा तुकडा पहिलाच असतो. प्राणिसंग्रहालयातील जनावरांस अभ्यागतांनी खाऊ घालण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मनाई आहे. १९९१ च्या दुरुस्तीने ते कलम आले. बिस्किटांचे पुडे मात्र अजूनही कुंपणाशी पडलेले दिसतात.

हे ऐकता ऐकता मला हसू आले. पूरक आहार हाच शब्द आम्ही आमच्या पानांवर तान्ह्या मुलांसाठी वापरतो. सहा महिने पूर्ण झाल्यावर एका वेळी एकच नवा पदार्थ, आधी चमचाभर, सोबत ओळखीचे दूध. मी हे आईला म्हटले. ती म्हणाली, "अरे, मग सरळ सांग ना, हरणाचे उष्टावण आहे म्हणून." चाचाजींना शब्द कळला नाही. मी अन्नप्राशन म्हणताच ते खुलले. त्यानंतर आई त्यांच्या बाजूची झाली.

परदेशांतही हा उद्योग चालतो, आणि त्यामागचे हेतू नाना प्रकारचे. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात शिकारीसाठी राखलेल्या रानांत हरणांना १६ ते २० टक्के प्रथिनांची गोळी पेंड घालतात, ती नराच्या शिंगांचा विस्तार वाढावा म्हणून. तेथेही हरीण प्रथम ती खात नाही. मग मका घालावयाचा, त्यात थोडी गोळी पेंड मिसळावयाची आणि हळूहळू मका काढून घ्यावयाचा, असा चाचाजींचाच मार्ग तेथील लोक अनुसरतात. उलट मिशिगन राज्यात १९९० नंतरच्या दशकात रानटी हरणांत गुरांचा क्षयरोग पसरलेला आढळला. एकाच ढिगात अनेकांनी तोंड घातल्याने तो फैलावतो म्हणून चारा घालण्यावरच निर्बंध आले. कोलोरॅडोत १९६७ मध्ये प्रथम दिसलेल्या एका असाध्य रोगाने, ज्यात हरीण झुरून झुरून मरते, ही भीती आणखी वाढविली. जपानच्या नारा शहरात हजाराहून अधिक हरणे रस्त्यांतून हिंडतात आणि तांदळाचा कोंडा व गव्हाचे पीठ यांच्या चकत्यांसाठी माणसांपुढे मान लववितात. पाहणारे कौतुकाने टाळ्या वाजवितात. २०१९ मध्ये तेथे मेलेल्या काही हरणांच्या पोटांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे गोळे निघाले.

चाचाजींच्या रानात पाऊस आला, गवत फुटले, आणि त्यांनी पेंड बंद केली. कशी? जशी चढविली तशीच उतरविली. आधी पेंड, मग चुनी, मग कोंडा, शेवटी केवळ डबा वाजवावयाचा आणि चार शेंगा टाकावयाच्या. त्यालाही पाच आठवडे लागले. "साहेब म्हणाले, आता गवत आहे, उद्यापासून बंद करा. मी म्हणालो, साहेब, तोंड एका दिवसात ऐकेल, पण पोट ऐकणार नाही."

एवढे बोलून ते थांबले आणि काठीने कुंपणाकडे दाखविले. आम्ही ज्या हरणांकडे पाहत होतो त्यांच्या चार-सहा नव्हे, कितीतरी पिढ्या आणून टाकलेल्या चाऱ्यावर झाल्या आहेत. पिलाने आईच्या तोंडाचा वास घ्यावयाचा तो याच चाऱ्याचा. कुंपणातील गवत इतक्या तोंडांना पुरणारे नव्हतेच. संख्या बेसुमार वाढली, आपसांतच पैदास होऊ लागली, रोगाचे भय आले. २०२३ च्या जून महिन्यात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने या उद्यानाची लघु प्राणिसंग्रहालय म्हणून असलेली मान्यता रद्द केली आणि हरणे राजस्थानातील व्याघ्र प्रकल्पांत व दिल्लीच्याच असोला भट्टी अभयारण्यात हलविण्याचे ठरले. अडीचशेहून अधिक चितळे रामगढ विषधारी आणि मुकुंदरा येथील जंगलांत पोहोचविली गेली. प्रकरण न्यायालयात गेले. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुढील स्थलांतर थांबवून केंद्रीय अधिकारप्राप्त समितीला पाहणी करावयास सांगितले.

वाचकहो, यात सरळ उत्तर नाही. दाटीवाटीत रोगट होत जाणारा कळप राखणे ही दया नव्हे. रानात सोडलेले चितळ वाघाच्या तोंडी जाईल म्हणून हळहळणेही पुरेसे नाही, कारण वाघाचे रान चितळावरच उभे असते. परंतु गव्हाणीवर वाढलेल्या जनावरास रानात सोडण्याची एक रीत आहे. आधी नव्या रानातच मोठे कुंपण घालून काही महिने तेथे ठेवावयाचे, तेथील गवत-पाला ओळखीचा होऊ द्यावयाचा, आणि चाचाजींच्या डब्यासारखा चारा पायरीपायरीने कमी करावयाचा. जगभरच्या वन्यजीवतज्ज्ञांना ही रीत ठाऊक आहे. ती वेळखाऊ आहे, खर्चिक आहे, आणि तिचे छायाचित्र चांगले येत नाही. मालमोटारीतून उड्या मारणाऱ्या हरणांचे फार चांगले येते.

आईने एवढे सारे ऐकून एकच विचारले, "गाडीत त्यांच्याबरोबर रोजचा चारा बांधून दिला होता का?" चाचाजींनी मला प्रश्न पुन्हा समजावून मागितला. मग ते काही वेळ काठीच्या मुठीकडे पाहत राहिले. "माताजी," ते म्हणाले, "मी असतो तर दिला असता."

दहा वाजता धुके विरले. कळप उन्हात येऊन बसला आणि सर्वांचे जबडे एकाच संथ लयीत हलू लागले. आपणांस हे पाहावयाचे असल्यास थंडीच्या दिवसांत याच सुमारास जावे. ज्यांना इमारतींची हौस आहे त्यांनी त्याच आवारातील बाग-ए-आलमचा घुमट अवश्य पाहावा. १५०१ मधील ही भक्कम वास्तू हौज खासच्या थडग्यांच्या गर्दीत दुर्लक्षित राहते.

आम्हीही तेथेच, घुमटाच्या ओट्याजवळ उन्हात बसलो. चाचाजी निरोप घेऊन निघत होते, त्यांना आईने थांबविले. फडके पुन्हा सुटले. भाकरीबरोबर कारळाची चटणी आणि दोन कांदे निघाले. ही तयारी हरणांसाठी खचित नव्हती. चाचाजींनी जोंधळ्याची भाकरी जन्मात खाल्ली नव्हती. त्यांनी लहानसा तुकडा मोडला, हुंगला, आणि मुलीकडे पाहून डोळे मिचकावीत म्हणाले, "आज इतकेच, बेटा. उरलेले पाच आठवड्यांनी."